‘सरकारमान्य’ आयुर्वेदिक औषध म्हणजे नेमकं काय?

मधुमेहाची गोळी परस्पर बंद करून बाटलीतला काढा सुरू केलेल्या माणसाला कारण विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं : “अहो, सरकारमान्य आहे. डबीवर लायसन्स नंबर आहे की!” हे वाक्य चांगली शिकलेली माणसंही छातीठोकपणे बोलतात. त्यापायी लोक चालू उपचार सोडतात, म्हणून हा गैरसमज आता नीट खोडून काढायला हवा.

गैरसमज : परवाना क्रमांक आहे, म्हणजे औषधाने गुण येतो याची सरकारने खात्री करून घेतली आहे.

वस्तुस्थिती : तो क्रमांक औषध तयार करण्याच्या परवान्याचा असतो. रोग बरा होण्याची हमी त्यात नसते. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधं औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याखाली येतात. त्यांच्यासाठीचं स्वतंत्र प्रकरण १९६४च्या दुरुस्तीने आलं. परवाना देतं राज्य सरकार. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. दिल्लीचं आयुष मंत्रालय कोणत्याही कंपनीला किंवा तिच्या औषधाला प्रमाणित करत नाही, उत्पादनाचा परवानाही देत नाही. हे मंत्रालयाने स्वतःच जाहीर सूचना काढून सांगितलं आहे. तरी ‘आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त’ असं सांगून माल खपवला जातो आणि आपण तो घेतो.

मग परवाना देताना पाहतात काय? कायद्याने या औषधांचे दोन गट केले आहेत. पहिला ग्रंथोक्त औषधांचा. चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, अष्टांगहृदय, भैषज्यरत्नावली, योगरत्नाकर अशा ग्रंथांची यादी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यातल्या पाठाबरहुकूम औषध बनवायचं असेल, तर सुरक्षिततेचा नवा अभ्यास सहसा मागितला जात नाही. ग्रंथातला दाखला पुरतो. दुसरा गट प्रोप्रायटरी औषधांचा : घटक ग्रंथातले, पण मिश्रण कंपनीने स्वतः जुळवलेलं. टीव्हीवर दिसणाऱ्या बहुतेक बाटल्या या गटातल्या. त्यांच्यासाठी २०१०च्या नियम १५८-बीनुसार प्रकाशित साहित्य आणि एक प्राथमिक अभ्यास, म्हणजे पायलट स्टडी, असा पुरावा मागितला जातो. विषारी म्हणून नोंदलेले घटक असतील, तर सुरक्षिततेचा अभ्यासही लागतो.

आता शेजारी नवं अ‍ॅलोपॅथिक औषध ठेवून पाहा. २०१९च्या नियमांप्रमाणे त्याला सर्वसाधारणपणे माणसांवरच्या टप्प्याटप्प्याच्या चाचण्यांतून जावं लागतं आणि केंद्रीय औषध नियंत्रकाची मान्यता मिळवावी लागते. दोन्ही डब्यांवर क्रमांक असतो, पण त्या क्रमांकांमागची तपासणी सारखी नाही.

‘पण हजारो वर्षांचा अनुभव आहे ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. अनुभव जरूर आहे, पण तो कशाचा? रोग्याची प्रकृती, वय, बल आणि ऋतू पाहून, मात्रा, अनुपान आणि पथ्य ठरवून वैद्याने दिलेल्या औषधाचा. जाहिरात पाहून कुरिअरने मागवलेल्या आणि सगळ्यांना सारख्याच दोन चमचे सांगितलेल्या सिरपला तो अनुभव लागू होत नाही. ग्रंथांचा आधार घ्यायचा असेल तर तो पुरता घ्या.

गैरसमज : या औषधांवर कुणाचंच नियंत्रण नाही.

हे उलट टोक आणि तेही खोटं. परवान्याशिवाय उत्पादन करणं आणि असा माल विकणं गुन्हा आहे. कारखान्याला अनुसूची-टीचे उत्पादननियम पाळावे लागतात. लेबलवर घटक, बॅच क्रमांक, उत्पादकाचं नाव-पत्ता लागतो. निरीक्षक नमुने घेऊन तपासणीला पाठवू शकतात. पण भगदाडंही आहेत. अ‍ॅलोपॅथिक औषधं विकायला लागतो तसा विक्रीचा परवाना इथे लागत नाही. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी बनवलेलं औषधही परवान्याच्या अटीतून वगळलेलं आहे. त्यामुळे पुडीत काय आहे, हे विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

बाकीचे थोडक्यात.

‘झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो.’ १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या चिनी वनस्पतींच्या गोळ्यांनी शंभरावर लोकांची मूत्रपिंडं बिघडली; एका वनस्पतीच्या जागी दुसरी, अ‍ॅरिस्टोलोकिया, आली होती. करोनाकाळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवले, पुढच्या वर्षी अनेक केंद्रांनी मिळून ४३. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं. तसं असेल, तर वनस्पतीची ओळख तपासणं आणखीच गरजेचं ठरतं.

‘परदेशात विकतात, म्हणजे शुद्धच.’ अमेरिकेत २००८मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. अमेरिकेत बनलेल्या आणि भारतात बनलेल्या मालात फारसा फरक नव्हता.

‘एफएसएसएआयचा शिक्का आहे.’ तो अन्नपदार्थाचा परवाना. अन्न म्हणून विकलेली वस्तू रोग बरा करते असा दावा करू शकत नाही.

‘अमेरिकेच्या एफडीएची मान्यता आहे.’ आहारपूरक उत्पादनांना ती संस्था विक्रीपूर्व मान्यता देतच नाही.

‘खोटं असतं तर जाहिरात छापू दिली असती का?’ मधुमेह, कर्करोग, रक्तदाब यांसह अनेक आजारांवर इलाजाची जाहिरात करणं १९५४च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कारवाई होते ती जाहिरात लोकांपर्यंत पोचल्यावर. आधी परवानगी घ्यायला लावणारा नियम १७० २०१८मध्ये आला. केंद्राने तो जुलै २०२४मध्ये वगळला; सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला दिलेली स्थगितीही ऑगस्ट २०२५मध्ये उठली.

तेव्हा डबी हातात घेतली की लेबल पुरतं वाचा. परवाना क्रमांक नसेल तर घेऊ नका आणि असेल तर त्यातून गुणाचा निष्कर्ष काढू नका. घेत असलेली प्रत्येक पुडी, काढा, भस्म आपल्या डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रियेआधी तर नक्कीच. त्रास झाला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवा. आणि कुठल्याही लेबलच्या भरवशावर मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा फिटची गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्या दिवशी या औषधांच्या तपासणीचे निकाल बॅचनिहाय सगळ्यांना पाहता येतील, त्या दिवशी ‘सरकारमान्य’ या शब्दाला वजन येईल. ती मागणी आयुर्वेदावर श्रद्धा असणाऱ्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने करायला हवी, कारण खोट्या बाटल्यांनी नाव बदनाम होतं ते त्यांच्याच शास्त्राचं.