कळते, पण वळत नाही

‘त्याला सारे कळते, पण वळत नाही,’ अशी तक्रार घरोघर ऐकू येते. ती करणाऱ्याच्या मनात मूल हट्टी असल्याचा ग्रह असतो. पण कळणे आणि वळणे या दोन भिन्न शक्ती आहेत आणि मुलाच्या ठायी त्या एकाच वेळी येत नाहीत, असे आम्हांस सांगावयाचे आहे.

मानसशास्त्रज्ञ एक साधा प्रयोग करतात. तीन वर्षांच्या मुलाला लाल-निळ्या सशांचे व होड्यांचे पत्ते प्रथम रंगाप्रमाणे लावावयास सांगतात. ते तो बिनचूक करतो. मग सांगतात, आता चित्राप्रमाणे लाव. ‘ससा कोठे जाईल?’ असे विचारले, तर तो बरोबर जागा दाखवितो. पण पत्ता हाती येताच पुन्हा रंगाप्रमाणेच टाकतो! पाच वर्षांची बहुतेक मुले हा पालट सहज करतात.

या वळण्याची अंगे तीन : ऊर्मी आवरणे, सांगितलेले मनात धरून ठेवणे आणि प्रसंगाप्रमाणे रीत पालटणे. यांचा मोठा भार मेंदूच्या कपाळामागील भागावर असतो. हा भाग सर्वांत सावकाश, विशी उलटून गेल्यावरही पक्व होत राहतो. तीन ते पाच या वयात प्रगती झपाट्याने होते. शाळेच्या वयात स्मरणाची धारणा वाढते. पण शांतपणी शहाणा विचार करणारा पंधरा वर्षांचा मुलगा मित्रांच्या घोळक्यात तो विसरतो.

मग सारे वयावरच सोडावे काय? नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे 2013 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. मोठ्या माणसाने आधी काही मुलांना दिलेला शब्द पाळला, काहींना दिलेला मोडला. नंतर प्रत्येकापुढे एक मिठाई ठेवून ‘थांबलास तर दोन मिळतील’ असे सांगितले. पहिली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. दुसरी अवघी तीन! ज्याचा शब्द खोटा ठरला, त्याच्यासाठी थांबण्यात कोणता शहाणपणा?

मुलांना वळण लावावे, असे आपण म्हणतो. ते लागावयास वेळ लागतो, आणि वडीलधाऱ्यांनी दिलेला शब्द पाळावा लागतो. धपाटा घालून मूल तेवढ्यापुरते गप्प बसेल; स्वतःला आवरावयास मात्र शिकणार नाही.