जुन्या चामडी बंदूकपेट्यांची निगा : तेलापेक्षा संयम मोलाचा

संस्थानिक, जमीनदार आणि लष्करी अधिकारी यांच्या अनेक घराण्यांत शिकारीच्या बंदुकांबरोबर त्यांच्या चामडी पेट्याही वारशाने आल्या. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार सर्वसाधारण परवानाधारकाला दोनपेक्षा अधिक बंदुका बाळगता येत नाहीत आणि वारशाने मिळणाऱ्या शस्त्रांच्या परवान्यालाही हीच मर्यादा आहे. बंदूक जमा झाली तरी रिकामी पेटी घरात राहू शकते, कारण तिला परवाना लागत नाही. मात्र अशा पेट्यांचे नुकसान उपेक्षेइतकेच अतिउत्साही साफसफाईनेही होते.

पेटीची घडण

लंडनच्या जेम्स पर्डी अँड सन्स आणि हॉलंड अँड हॉलंड, तसेच बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या कारखानदारांचे अनेक भारतीय संस्थानिक ग्राहक होते. कलकत्त्यात मँटन, रॉडा अशा पेढ्या बंदुकांचा व्यापार करीत. उत्तम प्रतीच्या पेटीचा सांगाडा ओकच्या लाकडाचा असे. त्यावर जाड चामडे, कोपऱ्यांना पितळी पत्रे आणि आत लोकरी बनातीचे अस्तर लावलेले कप्पे असत. झाकणाच्या आतील बाजूस कारखानदाराचे छापील लेबल चिकटवलेले असे. त्यावरील पत्त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. उदाहरणार्थ, पर्डी यांचे दुकान १८२६ पासून ऑक्सफर्ड स्ट्रीटवर होते आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी ते साउथ ऑडली स्ट्रीटवर गेले. त्यामुळे हे लेबल पुसू नये, ओले करू नये.

साफसफाईपूर्वी सर्व कप्पे तपासावेत. एखादे जुने काडतूस सापडल्यास ते हाताळत न बसता पोलीस ठाण्याला कळवावे. काडतुसे बाळगण्यासही परवाना आवश्यक असतो.

लाल कूज कशी ओळखावी?

झाडांच्या साली व फळांतील टॅनिनने कमावलेल्या चामड्याला जडणारा मुख्य रोग म्हणजे ‘रेड रॉट’ अर्थात लाल कूज. हवेतील गंधकयुक्त वायू चामड्यात शोषले जाऊन आम्ल तयार होते आणि तंतूंचा हळूहळू भुगा होतो. लंडनच्या अथेनियम क्लबमधील चामडी खुर्च्या दिव्यांच्या वायूमुळे झिजत असल्याचे मायकेल फॅरेडे यांनी १८४३ साली दाखवून दिले होते. पुढे सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने पुस्तकबांधणीच्या चामड्याविषयी १९०१ मध्ये अहवाल दिला, त्यातही याच ऱ्हासाची चिकित्सा होती.

पांढरे सुती फडके चामड्यावर हलकेच टेकवून पाहावे. त्यावर तांबूस भुकटी आल्यास लाल कूज लागली आहे असे समजावे. अशा चामड्याला पाणी, साबण वा तेल लावू नये. पाण्याने ते काळे पडते आणि कडक होऊन तडकते. झालेली झीज भरून येत नाही. तज्ज्ञ मंडळी अल्कोहोलमध्ये विरघळवलेले हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज लावून भुकटी होणारा पृष्ठभाग बांधून ठेवतात.

स्वच्छतेचा क्रम

चामडे धड असेल तर प्रथम मऊ ब्रशने धूळ झाडावी. शिवणीच्या खाचांतील धूळ कोरडीच काढावी. नंतर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने, आधी तळाच्या न दिसणाऱ्या भागावर, चाचणी घ्यावी. रंग उतरत नसेल तरच पुढे जावे आणि पेटी सावलीत वाळू द्यावी. खोगिराचा साबण रोजच्या वापरातील चामड्यासाठी असतो. जुन्या चामड्याला त्यातील क्षार मानवत नाहीत.

पितळेजवळ दिसणारा हिरवा, मेणचट थर हा तांब्याचा चामड्यातील स्निग्धांशाशी संयोग होऊन बनतो. तो लाकडी काडीने अलगद काढावा. पितळ उजळवण्याची पेस्ट वापरू नये, कारण ती चामड्यात झिरपते आणि तिचे पांढरे डाग राहतात.

पांढरी बुरशी दिसल्यास पेटी घराबाहेर नेऊन, नाकातोंडावर मास्क लावून ती कोरड्या ब्रशने झाडावी. प्रत्येक पांढरा थर मात्र बुरशीचा नसतो. पूर्वी लावलेल्या तेलातील मेदाम्लेही पृष्ठभागावर साचतात. किंचित उष्णतेने थर विरघळला तर तो मेद समजावा.

तेल द्यावे का?

खोबरेल वा तिळेल लावण्याची घरगुती पद्धत घातक ठरते. ही तेले खवट होतात, धूळ धरतात आणि बुरशीला पोषण देतात. गुराच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या ‘नीट्सफूट’ तेलानेही चामडे काळवंडते. लॅनोलिन व मधमाशांचे मेण असलेले लेप एकेकाळी संग्रहालयांतही वापरात होते. आज संरक्षणतज्ज्ञ सरसकट लेप देण्याचे टाळतात. धड चामड्यावर फार तर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अत्यंत पातळ हात पुरेसा असतो. कोरड्या चामड्याला तेल पाजून पूर्वीची लवचिकता परत येत नाही.

पावसाळ्यातील साठवण

सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असणे उत्तम. ती ६५ टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशीचा धोका वाढतो. पेटी प्लॅस्टिकमध्ये न बांधता धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी आणि भिंत व फरशीपासून दूर ठेवावी. बनातीला कसर लागू नये म्हणून ती अधूनमधून उघडून पाहावी. पेटी उचलताना जुन्या मुठीवर भार न देता तळाशी दोन्ही हातांचा आधार द्यावा. परवान्याची बंदूक कायम या पेटीत ठेवू नये. चामडे व बनात ओलावा धरतात आणि पोलाद गंजते.

लाल कूज लागलेल्या वा शिवण उसवलेल्या पेटीसाठी लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संरक्षण केंद्र अशा संस्थांतील तज्ज्ञांचा सल्ला घेणे श्रेयस्कर. पेटीवरील ओरखडे, रेल्वेच्या चिठ्ठ्या आणि मालकाची आद्याक्षरे हा तिच्या इतिहासाचा पुरावा असतो. चकाकीच्या हौसेपायी तो एकदा पुसला गेला की पुन्हा मिळवता येत नाही.