राखेवर उभी राहिलेली शिवालये

कुंभकोणमला गेलेला मराठी पर्यटक दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर पाहतो आणि बहुधा तिथूनच परततो. जागतिक वारशाच्या यादीतले मंदिर पाहून झाले की आणखी काही पाहायचे राहिले असे वाटत नाही. पण पुढे पट्टीश्वरमजवळ एक लहानसे चोळकालीन शिवालय आहे. त्याला रामनाथन कोविल म्हणतात. तिथल्या शिलालेखातले नाव वेगळे आहे : ‘पळ्ळिप्पडै पंचवन महादेवी ईश्वरम’. पळ्ळिप्पडै म्हणजे राजकुळातल्या मृत व्यक्तीचे स्मारक म्हणून बांधलेले मंदिर. ते अस्थींवर किंवा रक्षेवर उभारत, असे अभ्यासक मानतात.

पंचवन महादेवी ही राजराज चोळाची राणी, पळुवूरच्या सरदार घराण्यातली. तिचे हे स्मारक अकराव्या शतकाच्या पहिल्या चरणात राजेंद्र चोळाने बांधवले. ती त्याची सख्खी आई नव्हती, सावत्र आई होती. गंगेपर्यंत सैन्य धाडणाऱ्या आणि समुद्रापार श्रीविजयावर आरमार पाठवणाऱ्या या राजाची माया मला त्याच्या विजयस्तंभांपेक्षा या छोट्या देवळात अधिक दिसते.

चोळांत ही रीत आधीपासून होती. आदित्य चोळ तोंडैमानाट्रूरला वारला, तिथे त्याचा मुलगा परांतक याने मंदिर बांधले. मेलपाडीला राजराजाने आपला आजा अरिंजय याच्यासाठी अरिंजिगै ईश्वरम उभारले.

आपल्या मनात प्रश्न येतोच : जिथे मृत्यूचे सुतक, तिथे नित्यपूजा कशी? याचे उत्तर पट्टीश्वरमच्याच शिलालेखात सापडेल असे मला वाटते. त्यात लकुलीश पंडित या मठाधिपतीचा उल्लेख येतो. हे नाव पाशुपत परंपरेतले आहे. अंगाला भस्म लावणाऱ्या, स्मशानाला साधनेची जागा मानणाऱ्या या शैवांना राखेचा विटाळ कसला? मुंबईकरांना हा पंथ परका नाही. घारापुरी आणि जोगेश्वरीच्या लेण्यांत या पंथाचा आदिपुरुष लकुलीश याच्या मूर्ती आहेत.

मृत राजकुळाची अशी जागा मराठ्यांचीही आहे. कुंभकोणमपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर तंजावर. व्यंकोजी भोसल्यांपासून 1855 मध्ये वारलेल्या दुसऱ्या शिवाजीपर्यंत इथल्या गादीवर मराठा राजे होते. त्यांची दहनभूमी तंजावरातच आहे. तिला राजगोरी म्हणतात. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरवलेला मराठी शिलालेख आपण कौतुकाने पाहतो, सरस्वती महाल ग्रंथालयाचे गोडवे गातो. राजगोरीतल्या समाध्यांच्या दुरवस्थेबद्दल मात्र वर्तमानपत्रांत वेळोवेळी छापून येते आणि तिथेच थांबते.

चिता आणि शिवालय यांची जोडी महाराष्ट्रातही दिसते. पुण्याच्या वानवडीत 12 फेब्रुवारी 1794 रोजी महादजी शिंदे वारले. त्यांनीच बांधवलेल्या शिवमंदिराजवळ त्यांना अग्नी दिला. आज तिथे शिंदे छत्री आहे. छत्रीत पूजा चालते, गजबज असते. वास्तू टिकायची तर तिच्याकडे रोज येणारे कोणी तरी लागते.

याला एक विलक्षण अपवाद इटलीत आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम युरोपच्या प्रवासाहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. तिथे दहनाची चाल नव्हती. इटलीतले पहिले आधुनिक शवदाहगृह मिलानमध्ये सुरू झाले ते 1876 साली. तरीही खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. 1874 मध्ये त्या जागी घुमटीखाली राजारामांचा अर्धपुतळा बसला. ही जागा काशिने उद्यानाच्या टोकाला आहे; पुढे शेजारी झालेल्या पुलाला लोक ‘पोन्ते अल्लिंदियानो’, म्हणजे त्या भारतीयाचा पूल, म्हणतात. ना पूजा, ना वारस, तरी फ्लॉरेन्सने हे स्मारक सांभाळले.

काठमांडूच्या पशुपतिनाथाचे घाट 1979 पासून जागतिक वारशात आहेत, आणि तिथे अजूनही चिता पेटतात. दहनभूमीला वारसा मानायला जगाची हरकत नाही. संकोच आपलाच आहे. दिवाळीच्या सुटीत तंजावर-कुंभकोणमची सहल आखणाऱ्यांनी सहल कंपनीला आधीच सांगावे : दारासुरमनंतर गाडी पट्टीश्वरमला न्या आणि तंजावरात तासभर राजगोरीसाठी ठेवा.