संपूर्ण भूल आणि आतड्याची हालचाल : दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांतील एक प्रश्न

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय, तर मुरबाड येथे ग्रामीण रुग्णालय आहे. तथापि पित्तनलिकेतील खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढण्यासारख्या उपचारांकरिता येथील रुग्णास सामान्यतः कल्याण, ठाणे वा मुंबई गाठावी लागते. प्रस्तुत लेखात अशा शस्त्रक्रियांतील एका अल्पचर्चित अडचणीचा, म्हणजे पचनमार्गाच्या हालचालीचा, विचार केला आहे.

संपूर्ण भूल दिली की रुग्णाचे शरीर निश्चल होते, हा समज अपुरा आहे. भूलतज्ज्ञ देत असलेली स्नायुशिथिलक औषधे हातापायांच्या, पोटाच्या भिंतीच्या व श्वसनाच्या ऐच्छिक स्नायूंवर परिणाम करतात; आतड्याचे अनैच्छिक स्नायू त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. आतड्याच्या भिंतीत स्वतःचे मज्जाजाल असते. बाहेरून येणाऱ्या मज्जातंतूंचा संबंध तोडल्यावरही आतड्यातील आकुंचनाची लाट पुढे सरकते, हे बेलिस व स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये दाखविले. आतडे आतून ताणले गेले की ही लाट उठते. दुर्बिणीतून आत सोडलेली हवा नेमका तोच ताण निर्माण करते! म्हणून हवेऐवजी त्वरेने शोषला जाणारा कार्बन डायऑक्साइड मोजक्या प्रमाणात वापरणे हितावह ठरते.

जठरात मिनिटाला सुमारे ३, तर लहान आतड्याच्या आरंभी सुमारे १२ वेळा आकुंचन होऊ शकते. पित्तनलिकेचे तेथील मुख अवघ्या काही मिलिमीटरचे. हलत्या मुखात तार घालण्याचे प्रयत्न वाढले की स्वादुपिंडदाहाचा धोकाही वाढतो.

भुलीच्या औषधांचा परिणाम एकसारखा नसतो. श्वासावाटे दिले जाणारे भूलवायू हालचाल मंदावतात. मॉर्फिनवर्गीय औषधे अन्न पुढे ढकलणारी गती कमी करतात, परंतु पित्तनलिकेच्या मुखाशी असलेला स्नायू आवळतात. शेवटी स्नायुशिथिलकाचा परिणाम उलटविण्यासाठी निओस्टिग्मिन दिल्यास आतडे अधिकच चळवळते. त्याच्या अशा परिणामांना आवर घालण्यासाठी ग्लायकोपायरोलेट सोबत देतात.

हालचाल थांबविण्यासाठी सर्वाधिक परिचित औषध म्हणजे हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड. वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना येथे धोतरा आठवेल. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला व उकिरड्यावर उगवणाऱ्या या झुडपात हायोसिन असते. धोतऱ्याच्या विषबाधेत तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, आतड्याचा आवाज मंदावतो व रुग्ण बरळतो. हायोसिनच्या रेणूत रासायनिक बदल करून बनविलेले हे औषध मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे भ्रम सहसा होत नाही. शिरेतून २० मिलिग्रॅम दिल्यावर परिणाम लवकर दिसतो, पण तो अल्पकाळ टिकतो. म्हणून ते ऐन कामाच्या वेळी द्यावे. हृदयाची गती वाढत असल्याने हृदयविकाराच्या रुग्णांत सावधगिरी हवी, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये दिला. ग्लुकागॉन हा पर्याय महाग असून रक्तशर्करा वाढवितो. जपानमध्ये जठरात मेंथॉलचा फवारा वापरतात. पुदिन्याचा हा उपयोग अधिक अभ्यासण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरी जोखीम पूर्वइतिहासाच्या नोंदीत आहे. काचबिंदू, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ वा हृदयाची अनियमित गती यांची माहिती गावाकडच्या जुन्या कागदांत असते आणि ते कागद घरीच राहतात. वृद्ध पुरुषास हायोसिन दिले असल्यास लघवी झाल्याची खात्री करूनच घरी सोडावे. माळशेजच्या पायथ्याच्या गावी मध्यरात्री लघवी अडली, तर मुरबाडपर्यंत वाहन मिळणेही दुरापास्त असते.