सीप्झमधलं जुनं चर्च आणि मरोळची पोरं

मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या उद्योगक्षेत्राच्या फाटकाआड, काचेच्या कचेऱ्यांमध्ये, १५७९ सालच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत. १८४०च्या सुमारास साथ आली, वस्ती उठली आणि भाविक मरोळला आले. एरवी त्या जुन्या चर्चमध्ये जाता येत नाही. मे महिन्यात एकदा मिस्सा होते, तेव्हा लेकरांना नक्की न्या!

हे भाविक म्हणजे ईस्ट इंडियन, मुंबईचे मूळ ख्रिस्ती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांचा आगेरा, म्हणजे सुगीचा सण. शेतं गेली, तरी भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी येतातच. नातीला लुगड्याचा काष्टा घालायला शिकवणारी आजी मला कुठल्याही व्याख्यात्यापेक्षा मोठी वाटते. पोरांनो, लग्नातल्या ‘उंबराचं पाणी’ या विधीची गाणी तिच्याकडून ऐका, मोबाइलवर रेकॉर्ड करा, पाठ करा.