जलदान विधीनंतरचे कागद

चऱ्होलीत वडील गेले, की जलदान विधी होतो न होतो तोच कागद निघतात. खरी घाई मृत्यूनोंदीची, २१ दिवसांत. सातबाऱ्यावर वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्यावा. वडील कंपनीत कामावर असतानाच गेले, तर पीएफबरोबर ईडीएलआय विमाही मागा. तो कमाल ७ लाखांपर्यंत मिळतो.

हक्कसोडपत्राला मात्र मुदत नसते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, मुलगे, लग्न झालेल्या मुली, सगळ्यांचा वाटा सारखा. आजी हयात असेल तर तिचाही. इथल्या गुंठ्याचा भाव भावाला ठाऊक असतो. बहिणीने दुःखाच्या भरात दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊ नये. आधी मसुदा घरी आणून वाचावा, वकिलाला दाखवावा.