सांधेदुखीचा फॉर्म घेऊन आलेली मुलगी

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण बहुतेकांना माशांच्या जेवणासाठी आणि उजनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी माहीत असतं. संधिवाताच्या अभ्यासकांना ते वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी इथे हाडं, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांची घरोघर पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने १९८१मध्ये सुरू झालेल्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाची पद्धत त्यांनी वापरली होती. पहिल्या टप्प्यात दारोदार फिरले ते डॉक्टर नव्हेत, प्रशिक्षण घेतलेले आरोग्य स्वयंसेवक. तज्ज्ञांची तपासणी नंतरची. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना अशी दुखणी असल्याचं दिसलं. आज अशा अभ्यासांत हे काम बहुधा रिसर्च असिस्टंट करतात, आणि त्याबद्दलच्या समजुती मात्र भलत्याच आहेत.

गैरसमज : ज्याला दुखतं त्यालाच विचारावं, बाकीच्यांचा वेळ कशाला घ्यायचा?

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. भिगवणचा आकडा निघाला तो शंभरातल्या ब्याऐंशींनी ‘काही दुखत नाही’ असं सांगितलं म्हणून. त्यांना वगळलं तर उरते ती नुसती रुग्णांची यादी; गावात दुखण्याचं प्रमाण किती, हे तिच्यावरून कळत नाही. बंद दाराचंही तसंच. भर दुपारी घरी सापडतात ती वयस्कर किंवा आजारी माणसं. शेतावर, उसाच्या फडात, कारखान्यात गेलेली सुटतात. तेवढ्यावर हिशेब केला तर गाव आहे त्याहून जास्त दुखणाईत दिसेल. म्हणून असिस्टंट त्याच घरी संध्याकाळी, रविवारी पुन्हा येते. घरच्यांना तो चिवटपणा वाटतो. अभ्यासाची अब्रू त्यावरच टिकते.

गैरसमज : प्रश्न छापलेलेच आहेत, वाचायचे आणि खुणा करायच्या.

‘आजी, गुडघे दुखतच असतील ना?’ असं विचारलं की आजी हो म्हणणारच. ‘गेल्या सात दिवसांत गुडघा दुखला का?’ हे ठरलेल्या शब्दांत, प्रत्येक घरी तसंच विचारावं लागतं. त्यात लोक दुखणं सांगत नाहीत, निदान सांगतात. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’. तिथे वाद घालायचा नाही आणि ते निदान म्हणून लिहायचंही नाही. शरीराचं रेखाचित्र पुढे करून ‘कुठे ते बोट ठेवून दाखवा’ म्हणायचं. वेदना किती, यासाठी दहा सेंटिमीटरची रेघ असते : एका टोकाला ‘अजिबात नाही’, दुसऱ्याला ‘असह्य’. खूण ज्याची वेदना त्यानेच करायची, शेजारी बसलेल्या सुनेने नव्हे. आणि ‘दुखत नाही’ म्हणून लिहिलेलं शून्य वेगळं, विचारायचं राहून गेलेली रिकामी चौकट वेगळी. ही सरमिसळ झाली की पुढे कुठलाही संगणक ती निस्तरू शकत नाही.

प्रश्नावलीही आयती उचलून चालत नाही. गुडघ्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘वूमॅक’ टबमध्ये उतरण्या-चढण्याविषयी विचारते. आपल्याकडे मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का, हे विचारल्याशिवाय गुडघ्याची खरी अवस्था कळत नाही. म्हणून भारतीय रूपांतरांत अशा हालचाली घातल्या गेल्या.

गैरसमज : एक्सरे काढला की दुखणं मोजलं.

गुडघ्याच्या झिजेची शून्य ते चार अशी केलग्रेन-लॉरेन्स प्रतवारी १९५७पासून वापरात आहे. पण ती झीज सांगते, वेदना नाही. एक्सरेत बरीच झीज असलेला माणूस वारीला चालत जातो, आणि जवळपास निर्दोष एक्सरेवाल्याला जिना चढवत नाही. दोन्ही नोंदी स्वतंत्र घ्याव्या लागतात.

गैरसमज : ही तर म्हातारपणाची दुखणी.

कॉपकॉर्डमध्ये वयाच्या पंधराव्या वर्षापासून विचारणा होते. आमवात तर अनेकदा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो, आणि बायकांमध्ये जास्त आढळतो.

गैरसमज : एवढं विचारते, तर गोळीही सांगावी.

तो तिचा अधिकार नाही. कंबरदुखीसोबत जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर मात्र फॉर्म बाजूला ठेवून ‘आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला’ म्हणणं हे तिचं काम आहेच.

गैरसमज : सही केली की अडकलो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी माणूस कधीही माघार घेऊ शकतो, आणि त्यामुळे त्याच्या उपचारांत अडथळा येता कामा नये. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवून मगच अंगठा घ्यायचा असतो.

तेव्हा कोणी फॉर्म घेऊन आलं तर आधी ओळखपत्र पाहा, नैतिकता समितीची मंजुरी आहे का विचारा, संमतीपत्राची प्रत मागून घ्या. ते सगळं ठीक असेल आणि तुमचं काहीच दुखत नसेल, तरी थोडा वेळ बसा आणि प्रत्येक प्रश्नाला तेच सांगा : नाही.